दहा सेकंदांचं औषध

युनानी तिब्बच्या उर्दू पुस्तकांत एक शब्द वारंवार भेटतो, खफकान. मूळ अरबी. वाऱ्यावर निशाण फडफडतं किंवा पाखरू पंख फडकवतं त्यालाही याच मुळातला शब्द वापरतात. हृदय असं फडफडू लागलं की तो खफकान. आपण मराठीत धडधड म्हणतो. मराठीने छातीला कान लावून शब्द केला, अरबीने डोळ्यांनी पाहून केला. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे मला अशा शब्दांपाशी थांबायची सवयच लागली आहे.

इब्न सीनाने (मृत्यू १०३७) 'अल-कानून'मध्ये नाडी दहा बाजूंनी पारखायला सांगितली. हृदयावरच्या औषधांसाठी त्याने वेगळी पुस्तिकाही लिहिली, 'अल-अदवियतुल कल्बिया'. नाडी जलद आहे की मंद, भरलेली आहे की रिकामी, एकसारखी आहे की अडखळणारी, हे तो बोटांनी ओळखत होता. पण हृदयाला ठोक्याचा हुकूम विजेच्या बारीक लहरीतून मिळतो, हे कळायला आणखी जवळजवळ नऊशे वर्षं जावी लागली. १९०६ मध्ये सुनाओ तवारा या जपानी डॉक्टराने जर्मनीत काम करताना हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली एक बारीकशी गाठ दाखवून दिली. वरून निघालेली लहर या गाठीपाशी क्षणभर थांबते आणि मग खाली जाते. मधला हा एकच फाटक. पुढची सगळी गोष्ट या फाटकाशी घडते.

आजची गोष्ट आहे ॲडेनोसिनची. हे कुठल्या झाडाच्या सालीत सापडलेलं नाही आणि कारखान्यात सुचलेलंही नाही. ते आपल्या प्रत्येक पेशीत आहे. हा लेख वाचताना तुमच्या शरीरात ते तयार होतंय आणि मोडतंय. तेच सुईने शिरेत सोडलं की बेफाम धावणारं हृदय काही सेकंदांत ताळ्यावर येतं. ते हृदयावर काम करतं हे १९२९ मध्ये कळलं होतं. अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली १९८९ मध्ये. मधली साठ वर्षं गेली कुठे, हे मला शोधावंसं वाटलं.

आधी ते काय आहे ते पाहू. आमच्या पोफळीत हे समजावणं तसं सोपं आहे. कोयना नदीचा स्वभाव पूर्वेकडे, कृष्णेकडे जाण्याचा. तिचं पाणी धरणात अडवलं, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि इथे खाली सोडलं. डोंगराच्या आत वीजगृह आहे. १९६२ पासून तिथली चक्रं फिरताहेत. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता मिळून ६०० मेगावॅट. गावातल्या कुणालाही विचारा, वीज पाण्यात नसते, पाणी उंचावरून खाली येतं त्या येण्यात असते, हे तो सांगेल.

पेशीत हेच चालतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा आतला पडदा म्हणजे धरणाची भिंत. अन्न जाळून मिळालेल्या ताकदीवर पेशी प्रोटॉन भिंतीच्या एका बाजूला उपसून साठवते. ते परत यायला धडपडतात आणि त्यांच्या वाटेवर एक चक्र बसवलेलं असतं. प्रोटॉन आत शिरतात, चक्र फिरतं आणि एटीपी तयार होतं. ही कल्पना ब्रिटनच्या पीटर मिचेलने १९६१ मध्ये मांडली, तेव्हा पुष्कळांनी ती उडवून लावली. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्या चक्राला चकाकणारा धागा चिकटवला आणि ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं. फिरणारं, खरोखरचं चक्र! आमच्या वीजगृहाची बातमी पेशीला कुणी दिली, असं मुलं हसत विचारतात. प्रश्न उलटा आहे, पण चांगला आहे.

एटीपी म्हणजे ॲडेनोसिनला जोडलेले तीन फॉस्फेट. काम झालं की फॉस्फेट सुटतात. सगळेच सुटले की मागे उरतं नुसतं ॲडेनोसिन. शरीरात एका वेळी एटीपीचा साठा पाव किलोही नसतो, पण तोच दिवसभर इतक्या वेळा मोडतो आणि भरतो की एकूण उलाढाल माणसाच्या वजनाच्या आसपास जाते.

एटीपीचा शोध १९२९ चा. तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी लावला आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५. शरीरद्रवातलं फॉस्फरस मोजण्याची त्यांची आणि फिस्केंची १९२५ ची पद्धत आजही महाराष्ट्रातल्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत 'फिस्के-सुब्बाराव' या नावाने शिकवली जाते. मुलं ते एकच आडनाव समजतात. हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. पुढे ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि १९४८ मध्ये वारले. हत्तीरोगासाठी आपल्याकडे डीईसीच्या गोळ्या वाटतात ना, त्या औषधामागेही लेडर्लेमधला त्यांचाच चमू होता. सुब्बारावांवर आपल्याकडे एवढं कमी का लिहिलं गेलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मी तो लिहीन.

त्याच १९२९ मध्ये केंब्रिजहून दुसरा एक निबंध आला. ॲलन ड्रुरी आणि हंगेरीहून आलेले आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. ('क' जीवनसत्त्वासाठी १९३७ मध्ये नोबेल मिळालेले तेच.) हृदयाच्या स्नायूचा अर्क काढून तो त्यांनी गिनिपिगच्या शिरेत सोडला. प्राण्याचं हृदय मंदावलं, मधले काही ठोके गळाले आणि थोड्याच वेळात सगळं पूर्ववत झालं. अर्कातलं नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, याचा माग काढत ते ॲडेनोसिनच्या कुटुंबापर्यंत पोचले. तवाराच्या गाठीपाशी लहर अडते, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, हे सगळं त्यांनी तेव्हाच नोंदवलं. १९३० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी माणसांनाही ते देऊन पाहिलं.

आणि इथे गाडी अडली. औषध म्हणून सगळ्यांना जे खटकलं ते त्याचं आयुष्य. शिरेत गेल्यावर तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर ते झपाट्याने गिळून टाकतात. दहा सेकंदांच्या आत निम्मं नाहीसं. औषध म्हणजे रक्तात टिकलं पाहिजे, सकाळी घेतलं की संध्याकाळपर्यंत पुरलं पाहिजे, ही तेव्हाच्या वैद्यांची साधी अपेक्षा. दहा सेकंदांत विरणारी गोष्ट कुणाच्या कामाची? शिवाय एटीपीचं नाव झालं तसं सगळ्यांचं लक्ष त्याच्या ताकदीकडे गेलं. ॲडेनोसिन म्हणजे त्या भट्टीची राख, असंच जणू धरलं गेलं.

हंगेरीतल्या डॉक्टरांनी मात्र हा धागा सोडला नाही. अचानक सुरू होणाऱ्या जलद धडधडीवर शिरेतून एटीपी दिल्याचे निबंध १९५५ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. शरीरात गेल्यावर एटीपीचं ॲडेनोसिनच होतं, त्यामुळे गुण येत होता. युरोपात काही ठिकाणी हा इलाज चालू राहिला. इंग्रजी वाचणाऱ्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

तोवर ठोक्याच्या बिघाडावर दुसरी औषधं होती. डिजिटॅलिसची पानं, सिंकोनाच्या सालीतलं क्विनिडिन. आणि एक आपल्याकडचं, जे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हकीम अजमल खान यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनासाठी बोलावलं. हकीमसाहेब १९२७ मध्ये वारले. सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळांतून शुद्ध द्रव्यं वेगळी केली आणि १९३१ मध्ये त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांचं नाव दिलं, अजमलीन. हे अजमलीन पुढे युरोपात ठोक्याच्या बिघाडावर वापरलं गेलं आणि ब्रुगाडा नावाचा आनुवंशिक दोष उघडा पाडण्यासाठी आजही देतात. सर्पगंधेची दुसरी वाट मुंबईतून गेली. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगभर तिचं नाव झालं. जर्मनीतल्या रुग्णशय्येवर दिल्लीच्या हकिमाचं नाव रोज उच्चारलं जातं आणि आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांना ते ठाऊक नसतं.

ॲडेनोसिनकडे पुन्हा लक्ष गेलं ते १९६३ मध्ये. अमेरिकेच्या रॉबर्ट बर्न यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: हृदयाला प्राणवायू कमी पडला की त्याच्या रक्तवाहिन्या आपोआप रुंद होतात, त्यांना ही बातमी कोण देतं? त्यांचं उत्तर ॲडेनोसिन. पुरवठा कमी आणि खर्च जास्त झाला की एटीपी मोडतच जातं, ॲडेनोसिन साठतं, पेशीबाहेर झिरपतं आणि वाहिन्यांना सांगतं, रस्ता रुंद करा. तेच ठोक्यांच्या यंत्रणेला सांगतं, वेग उतरवा. ज्यांनी भारनियमनाचे दिवस पाहिलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. तयार होणारी वीज आणि खर्च यांचा मेळ बसेना की कुठला तरी फीडर बंद करावा लागतो. फरक एवढाच की ॲडेनोसिन वेळापत्रक लावत नाही, जिथे तुटवडा तिथेच उगवतं. राख म्हणून बाजूला टाकलेली वस्तू निरोप्या निघाली.

आता थोडं घरचं. माझ्या एका खालांना तिशीपासून हा त्रास होता. भाकऱ्या भाजताना, कधी नमाजेला उभ्या असताना, कधी काहीच न करता. एकदम छाती धावायला लागायची, घाम फुटायचा, हातपाय गार. दहा मिनिटं, कधी तासभर. मग जशी आली तशी धडधड झटक्यात थांबायची. घरात कुणी म्हणायचं नजर लागली, कुणी म्हणायचं मन कमजोर आहे. दम करून झाला, तावीज बांधून झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी ठीक झालेली असायची, कार्डिओग्राम स्वच्छ निघायचा आणि डॉक्टर त्यांच्याकडे न बघता माझ्या खालूंना सांगायचे, 'टेन्शन घेतात, झोपेची गोळी देतो.' अठरा वर्षं त्या घरात 'घाबरट' म्हणून राहिल्या. मला यात राग तावीजाचा येत नाही. हे झटके आपणहून थांबतात, त्यामुळे थांबायच्या आधी जे शेवटचं केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. कधी तावीजाला मिळालं, कधी झोपेच्या गोळीला. गोळी लिहून देणाऱ्याला मात्र हे माहीत असायला हवं होतं.

एकदा झटका थांबलाच नाही. शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी बरोबर होते. पडद्यावर नाडी १९० च्या पुढे. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पट्टी काढली, दोनदा पाहिली आणि खालांना म्हणाल्या, 'आता एक इंजेक्शन देते. काही क्षण फार विचित्र वाटेल, जीव जातोय असं वाटेल. जाणार नाही. मी इथेच आहे.' कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून औषध झटकन सोडलं आणि त्यामागोमाग सलाइनचा लोट. हात वर धरला. खालांनी डोळे मोठे केले, चेहरा लाल झाला, मोठ्याने कलमा म्हणाल्या. पडद्यावरची रेघ सरळ झाली. किती सेकंद ते मला सांगता येणार नाही. मला फार वाटले. मग एक ठोका, थोडा थांबून दुसरा, आणि नाडी ८४.

त्या सरळ रेघेचा अर्थ मला नंतर वाचनातून कळला. या प्रकारच्या धडधडीत लहर वरून खाली जायचं सोडून त्या मधल्या फाटकाभोवतीच गोल फिरत राहते. एखादी एसटी स्टँड सोडायची आणि वळसा घालून पुन्हा त्याच स्टँडात शिरायची, असं सतत. प्रत्येक फेरीला एक ठोका. ॲडेनोसिन त्या फाटकातल्या पेशींचे पोटॅशियमचे दरवाजे उघडतं, पेशी थंडावतात आणि फाटक काही सेकंद पूर्ण बंद होतं. फेरी तुटते. औषध विरलं की फाटक उघडतं आणि हृदयाचा मूळचा ताल ताबा घेतो. फाटक तासभर बंद राहिलं असतं तर तो इलाज म्हणायची सोय नव्हती. १९३० मध्ये ज्या अल्पायुष्यामुळे ॲडेनोसिन मागे पडलं, त्याच अल्पायुष्यामुळे ते इथे देता येतं.

हे नीट ओळखलं व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मंडळींनी. रॉबर्ट बर्न तोवर तिथे गेले होते. त्यांच्या गटातल्या, मूळ ब्राझीलच्या लुईझ बेलार्डिनेली यांनी प्राणवायू तुटलेल्या प्राण्यांच्या हृदयात हेच द्रव्य फाटक बंद करतं असं १९८० मध्ये मांडलं. १९८३ मध्ये जॉन डीमार्को आणि त्यांनी मिळून रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. १९९० मध्ये डीमार्को यांची मोठी चाचणी आली: मात्रा वाढवत १२ मिलिग्रॅमपर्यंत नेली तर १०० पैकी ९१ जणांची धडधड थांबते. जुनं व्हेरापामिल हे औषधही तितक्याच जणांना गुण देत होतं. पण व्हेरापामिलचा परिणाम रेंगाळतो. रक्तदाब पडला किंवा निदान चुकलं तर ते परत काढून घेता येत नाही. ॲडेनोसिनला काढून घ्यावं लागत नाही. आपल्याकडे २०१५ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते होतं.

दम्याच्या रुग्णाला ते सहसा देत नाहीत, श्वासनळ्या आवळतात. आणि डॉक्टर चहाबद्दल विचारतात. हा प्रश्न मला फार आवडला. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनच्याच कुलपात जाऊन बसतं आणि किल्लीला आत शिरू देत नाही. नुकताच कडक चहा झाला असेल तर इंजेक्शनचा जोर कमी पडू शकतो. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूतही ॲडेनोसिन साठत जातं आणि डोळे जड होतात. तिथेही कॅफिन आडवं येतं, म्हणून चहाने झोप उडते. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी कॉफी पीत. ते कशाला अडवत होते हे कळायला विसावं शतक सरत आलं.

खालांचा पुढचा इलाज मुंबईत झाला. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेली आणि लहर ज्या आडवाटेने फिरत होती ती वाट उष्णतेने कायमची बंद केली. सहा वर्षं झाली, पुन्हा त्रास नाही. घरातल्या कुणी त्यांना 'घाबरट' म्हटल्याबद्दल माफी मागितलेली मी ऐकलेली नाही. त्यांनीही मागितली नाही म्हणून कुणाला बोल लावलेला नाही.

त्या एकट्या नव्हत्या. १९९७ मध्ये अमेरिकेत अशा १०७ रुग्णांचे कागद तपासले गेले. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. तीनपैकी दोघांची लक्षणं मानसिक घबराटीच्या आजाराच्या व्याख्येत बसत होती. ज्यांच्यावर तसा शिक्का बसला त्यांत बायका जास्त होत्या. हे अमेरिकेत. आपल्याकडे बाईची धडधड कागदावर येण्याआधीच घरातल्या घरात निकालात निघते.

इंजेक्शनआधी करून पाहण्यासारखे साधे उपायही आहेत. श्वास कोंडून जोर लावणं हा जुना उपाय. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत रुग्णांना १५ सेकंद जोर लावून फुंकायला लावलं आणि लगेच आडवं करून पाय वर धरले. १०० पैकी ४३ जणांचा झटका थांबला. नुसत्या जुन्या पद्धतीने १७ जणांचा थांबला होता. चेहऱ्यावर गार पाणी मारल्यानेही कधी कधी गुण येतो. यावर काही जण लगेच वुजूचा दाखला देतील. मला ते पटत नाही. वुजू इबादतीसाठी आहे, त्याला कार्डिओलॉजीच्या प्रमाणपत्राची गरज नाही. हे उपायही आधी डॉक्टरकडून नीट शिकून घ्यावेत आणि छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडायला झालं तर त्यांत वेळ न घालवता निघावं.

निदानाला सगळ्यात मोठी मदत होते ती झटका चालू असतानाच्या कार्डिओग्रामची. पोफळीहून चिपळूण गाठेपर्यंत तो थांबलेला असू शकतो. म्हणून जवळ जिथे मशीन असेल तिथे, मग डॉक्टर मोठे असोत की नसोत, आधी पट्टी काढून घ्यावी. ती पट्टी कालांतराने फिकट होते, तेव्हा मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा आणि त्यावर तारीख, वेळ आणि झटका किती वाजता सुरू झाला ते लिहावं.